विश्लेषण : फाइल्स रोज आपोआप कॉपी होतात, तरी डेटा का जातो? ऑफिसात शेअर्ड फोल्डर लावताना काय पाहावे?

नवा संगणक आला, जुन्या संगणकावरचे 'शेअर्ड फोल्डर' उघडेना. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडीओ पाहून दोन-तीन सेटिंग बदलल्या आणि काम सुरू झाले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर विंडोज ११ कडे वळलेल्या अनेक लहान ऑफिसांत हे घडले आहे. काम सुरू झाले हे खरे, पण त्या दोन-तीन सेटिंगमध्ये नेमके काय बदलले? रात्री आपोआप होणारी कॉपी नक्की कुठून कुठे जाते? आणि एखादी फाइल चुकून डिलीट झाली, तर ती कॉपीत उरते की तिथूनही जाते?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर 'तिथूनही जाते' असे असते.

लोकल आणि शेअर्ड फोल्डर, दोन्ही कशाला?

समजा, एका कर सल्लागाराचे ऑफिस आहे. तीन संगणक, एक स्कॅन करणारे झेरॉक्स मशीन आणि एक जुना पीसी, ज्यावर सगळ्याची कॉपी ठेवली जाते. ग्राहकांची पॅन कार्डे, बँक स्टेटमेंट, जीएसटीची बिले, टॅलीचा डेटा हे सगळे या चार-पाच यंत्रांमध्ये फिरत असते.

लोकल फोल्डर म्हणजे ज्या संगणकावर काम चालते त्याच्याच डिस्कवरचे फोल्डर. शेअर्ड फोल्डर म्हणजे एका संगणकाच्या डिस्कवरचे, पण नेटवर्कवरून इतरांना उघडता येणारे. अनेक जण लोकलची भानगडच ठेवत नाहीत. सॉफ्टवेअरला थेट शेअर्ड फोल्डरचा पत्ता देतात. वायफाय नीट असेपर्यंत हे चालते. राउटर एकदा बंद-चालू झाला, की फाइल अर्धवट लिहिली जाते, सॉफ्टवेअर अडकते आणि कधीकधी आधीची चांगली फाइलही खराब होते.

म्हणून जुनी, खात्रीची पद्धत पोस्टाच्या पेटीसारखी आहे. तुम्ही पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकता, पोस्टमन त्याच्या वेळेला येऊन घेऊन जातो. तो उशिरा आला म्हणून तुमचे पत्र लिहिणे थांबत नाही. सॉफ्टवेअरने लोकल फोल्डरमध्ये लिहावे आणि तिथून पुढे नेण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रामने ठरलेल्या वेळी करावे. पॅथॉलॉजी लॅबमधील यंत्रापासून फोटो स्टुडिओपर्यंत हीच रचना उपयोगी पडते.

विंडोज ११ वर जुने शेअर का उघडत नाही?

विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याचे जे नियम आहेत, त्यांना 'एसएमबी' म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या '२४एच२' आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने प्रो वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी कडक केल्या. एक, प्रत्येक निरोपावर डिजिटल सही हवी. दोन, पासवर्ड नसलेल्या 'गेस्ट' पाहुण्याला आत घेणे बंद. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. ज्याच्याकडे पासवर्डच नाही, तो सही कशी करणार?

आपल्याकडची बरीच ऑफिसे मात्र वर्षानुवर्षे गेस्टवरच चालली. 'पासवर्ड कोण लक्षात ठेवणार' म्हणून पासवर्डविना शेअरिंग सुरू करून ठेवले जायचे. नवा संगणक आल्यावर अशा शेअरला सुरक्षेचे कारण दाखवून नकार मिळतो. जुन्या झेरॉक्स मशीनची 'स्कॅन टू फोल्डर' ही सोयही याच कारणाने बंद पडू शकते.

अशा वेळी व्हिडीओंतून मिळणारा सल्ला साधारण दोन प्रकारचा असतो. गेस्ट पुन्हा सुरू करा, किंवा 'एसएमबी १' सुरू करा. दुसरा सल्ला तर ऐकूच नये. एसएमबीची ही पहिली आवृत्ती विंडोज १० च्या २०१७ मधील अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये दिलीच जात नाही आणि त्याला कारण आहे. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने याच आवृत्तीतील त्रुटीचा वापर केला. कुणी ईमेलमधली लिंक उघडण्याचीही गरज नव्हती. एका संगणकावरून ते नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकात आपले आपण शिरत होते. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने त्रुटी दुरुस्त करणारा पॅच त्याआधी जवळपास दोन महिने, १४ मार्चला दिला होता. ज्यांनी तो लावला नाही ते सापडले.

मशीन फक्त एसएमबी १ वरच चालणारे असेल, तर स्कॅन ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर घ्यावे. किंवा मशीन बदलावे. महिन्याला चार स्कॅनसाठी सगळ्या ऑफिसचे दार उघडे ठेवण्यात अर्थ नाही.

मग बरोबर पद्धत कोणती?

ज्या संगणकावर फोल्डर आहे, त्यावर शेअरिंगसाठी वेगळा युजर बनवायचा. त्याला साधे नाव आणि लांब पासवर्ड द्यायचा. हा युजर अ‍ॅडमिन नसावा. इतर संगणक आणि झेरॉक्स मशीन यांनी याच नावाने आत यायचे. एकदा पासवर्ड टाकून 'लक्षात ठेवा' म्हटले, की रोज टाकावा लागत नाही.

इथे एक गंमत नेहमी होते. संगणक पिन टाकून उघडायची सवय असलेल्यांना वाटते, की नेटवर्कवरही तोच पिन चालेल. तो चालत नाही. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा मूळ पासवर्ड लागतो आणि तो कुणाच्याच लक्षात नसतो. वेगळा युजर बनवण्याचा हा आणखी एक फायदा.

परवानग्यांचे दोन थर असतात आणि घोळ इथेच होतो. पहिला थर शेअरचा, दुसरा डिस्कवरच्या फोल्डरचा. सोसायटीचे गेट आणि फ्लॅटचे दार असे समजा. वॉचमनने गेटमधून सोडले तरी फ्लॅटला कुलूप असेल तर आत जाता येत नाही. दोन्हींपैकी जी परवानगी अधिक कडक, ती लागू होते. फोल्डर दिसते, पण फाइल सेव्ह होत नाही, अशी तक्रार असेल तर शेअरची परवानगी आणि फोल्डरच्या 'सिक्युरिटी'तील परवानगी अशा दोन्ही तपासाव्यात. कंटाळून 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देणे हा उपाय नव्हे. त्या फोल्डरमध्ये ग्राहकांच्या आधारच्या प्रती असतील तर नक्कीच नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान ऑफिसला एवढा दंड होईल असे नाही, पण 'आम्हाला माहीत नव्हते' हे उत्तर आता पुरणार नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगता येतील. विंडोजमध्ये ऑफिसचे नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून निवडलेले असावे, 'पब्लिक' असेल तर फायरवॉल शेअरिंग अडवते. राउटरमध्ये त्या संगणकाचा आयपी पत्ता राखून ठेवावा, नाहीतर तो अधूनमधून बदलतो आणि झेरॉक्स मशीनला फोल्डर सापडेनासे होते. संगणक 'स्लीप'मध्ये जाणार नाही असे पाहावे. आणि साध्या विंडोज ११ ला एका वेळी २० उपकरणांपर्यंतच जोडून घेता येते. त्याहून मोठे ऑफिस असेल तर सर्व्हर किंवा नेटवर्क स्टोरेजचा डबा, म्हणजे 'नास', घेण्याची वेळ झाली आहे.

कॉपी ढकलायची की ओढायची?

या प्रश्नाकडे फारसे कुणी लक्ष देत नाही, पण सगळ्या रचनेतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे. कामाचा संगणक आपली फाइल बॅकअपच्या संगणकावर नेऊन ठेवू शकतो. त्याला ढकलणे म्हणू. किंवा बॅकअपचा संगणक ठरलेल्या वेळी येऊन फाइल घेऊन जाऊ शकतो. ते ओढणे.

ढकलण्यासाठी कामाच्या संगणकाला बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी द्यावी लागते. जिथे लिहिता येते तिथे सहसा पुसताही येते. कामाच्या संगणकावर ईमेल उघडतात, पेनड्राइव्ह लागतात, फुकटची सॉफ्टवेअर येतात. एखाद्या दिवशी तिथे रॅन्समवेअर शिरले, तर जिथे जिथे लिहिण्याची परवानगी आहे तिथल्या फाइल्स ते कुलूपबंद करते. त्यात बॅकअपही आला.

ओढण्याच्या पद्धतीत कामाचा संगणक आपले फोल्डर फक्त 'वाचण्यापुरते' शेअर करतो आणि बॅकअपच्या संगणकाचे कोणतेच फोल्डर शेअर केलेले नसते. कामाच्या संगणकाला बॅकअपचा पत्ताही माहीत असण्याची गरज नाही. मेहनत तेवढीच, पैसे तेवढेच, फक्त काम दुसऱ्या बाजूने सुरू करायचे. माझ्या मते लहान ऑफिसने एकच बदल करायचा असेल तर हा करावा.

आपोआप कॉपी कशी लावायची?

त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' नावाची कमांड आहे. रोबो म्हणजे यंत्रमानव नव्हे, 'रोबस्ट' म्हणजे दणकट या शब्दाचे ते लघुरूप. कुठून, कुठे आणि कसे, हे एका ओळीत लिहून ती ओळ बॅच फाइलमध्ये ठेवायची आणि 'टास्क शेड्युलर'ला वेळ सांगायची. फक्त नव्या आणि बदललेल्या फाइल्स कॉपी होतात, त्यामुळे पहिली रात्र सोडली तर काम काही मिनिटांत संपते.

मात्र रोबोकॉपीचे काही स्वभाव माहीत हवेत. एखादी फाइल उघडी असल्यामुळे कॉपी झाली नाही, तर ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. असे किती वेळा? तुम्ही वेगळे सांगितले नसेल तर १० लाख वेळा. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलपायी ती ३४७ दिवस बसून राहील. म्हणून प्रयत्न दोन-तीन आणि थांबा पाच सेकंदांचा, हे आकडे स्वतः द्यावेत. दुसरे, काम नीट झाल्यावर ती शून्याऐवजी 'एक' हा आकडा परत देते. टास्क शेड्युलरमध्ये तो पाहून अनेकांना चूक झाल्यासारखे वाटते. एक म्हणजे नव्या फाइल्स कॉपी झाल्या, शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखे काही नव्हते. आठ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर मात्र काहीतरी बिघडले आहे.

हाताने चालवल्यावर चालते, रात्री आपोआप चालत नाही, ही तक्रारही नेहमीची. कारण बहुधा 'झेड ड्राइव्ह'. शेअर्ड फोल्डरला आपण सोयीसाठी झेड किंवा वाय असे अक्षर देतो. ते अक्षर लॉगइन केलेल्या माणसापुरते असते. रात्री कुणी लॉगइन नसताना चालणाऱ्या कामाला ते दिसतच नाही. तिथे पूर्ण पत्ता द्यावा लागतो, म्हणजे दोन उलट्या तिरप्या रेघा, मग संगणकाचे नाव, पुन्हा एक रेघ आणि शेअरचे नाव.

वेळ ठरवतानाही वास्तव पाहावे. रात्री १० ची वेळ लावली आणि संध्याकाळी ७ ला निघताना कुणी मुख्य स्विच बंद केला, तर कॉपी होणार नाही. शेड्युलरमध्ये 'वेळ चुकली तर संधी मिळताच चालवा' अशा अर्थाची खूण असते, ती करावी. लॅपटॉप असेल तर 'फक्त विजेवर असतानाच चालवा' ही खूण आधीच केलेली असते, ती काढावी. नाहीतर दुपारी जेवणाच्या सुट्टीची वेळ लावावी. आपल्याकडे ती जास्त भरवशाची.

मराठीत फोल्डरची नावे देणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजला देवनागरी नावे चालतात, पण बॅच फाइलमध्ये ती लिहिली की काळ्या खिडकीत त्यांचा चुराडा होऊ शकतो आणि 'फोल्डर सापडत नाही' असे उत्तर येते. आपोआप कॉपीच्या मार्गातली मुख्य फोल्डर रोमन लिपीत, छोट्या नावांची आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत. आतल्या फाइल्सची नावे खुशाल मराठीत ठेवा, त्यांना काही होत नाही.

'मिरर' म्हणजे आरसा, आणि आरशात जुने काही राहत नाही

रोबोकॉपीच्या बहुतेक तयार नमुन्यांमध्ये 'एमआयआर' हा पर्याय असतो. मिरर, म्हणजे दोन्ही फोल्डर हुबेहूब सारखी करणे. नाव आकर्षक आहे. पण हुबेहूब सारखे करायचे म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते कॉपीतूनही पुसायचे.

नव्या संगणकाच्या खरेदीत याचा फटका कसा बसतो ते पाहा. नवा पीसी आला. जुन्याचेच नाव त्याला दिले, त्याच नावाचे फोल्डर बनवून शेअर केले. डेटा उद्या सकाळी टाकू, असे ठरवून सगळे घरी गेले. रात्री बॅकअपच्या संगणकावरचे काम नेहमीप्रमाणे सुरू झाले. त्याला मूळ जागी रिकामे फोल्डर दिसले. आज्ञेप्रमाणे त्याने कॉपीही रिकामी केली. फोल्डर सापडलेच नसते तर रोबोकॉपी चूक दाखवून थांबली असती. रिकामे फोल्डर मात्र तिच्या दृष्टीने अगदी योग्य. जुना पीसी तोवर एक्सचेंजमध्ये गेला असेल, तर पुढचे सांगायला नको.

म्हणून सुरुवातीला 'एल' हा पर्याय लावून पाहावे. त्यात रोबोकॉपी प्रत्यक्ष काहीच करत नाही, काय केले असते याची फक्त यादी देते. यादीत पुसायच्या फाइल्स दिसल्या तर थांबावे. आणि लहान ऑफिसने मिरर वापरूच नये, हे अधिक बरे. त्याऐवजी वारांची सात फोल्डर करावीत. सोमवारची कॉपी सोमवारच्या फोल्डरमध्ये, मंगळवारची मंगळवारच्या. शुक्रवारी लक्षात आले की बुधवारी कुणीतरी चुकीची एक्सेल शीट सेव्ह केली, तर मंगळवारचे फोल्डर उघडायचे. डेटा ४० जीबी असेल तर सात दिवसांचे २८० जीबी झाले. एक टीबीच्या साध्या डिस्कवर ते सहज मावतात. दर महिन्याच्या एक तारखेला एक वेगळी कॉपी काढली की सात दिवसांनंतर लक्षात येणाऱ्या चुकांचीही सोय होते.

मर्स्क कंपनीचे काय झाले होते?

'सगळीकडे सारखी कॉपी आहे, मग काळजी कशाला' हा विचार लहान ऑफिसेच करतात असे नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा हल्ला युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरू झाला आणि काही तासांत जगभर पसरला. वॉनाक्रायने वापरलेलीच एसएमबीची त्रुटी त्यानेही वापरली, शिवाय संगणकांमध्ये साठलेले पासवर्ड चोरून तो पुढे सरकत होता. जहाज वाहतुकीतील मर्स्क ही डेन्मार्कची बडी कंपनी त्यात सापडली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालवले जाणारे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल आहे. तिथलेही कामकाज विस्कळीत झाले.

मर्स्कच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला काय परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत माहिती जुळवून घेत. एक बंद पडला तर उरलेले आहेतच, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील, हे गृहीत धरलेलेच नव्हते. हल्ल्यात ते सगळे गेले. फक्त एक वाचला, आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता.

तिथून इंग्लंडला इंटरनेटवरून एवढा डेटा पाठवायला वेग पुरत नव्हता. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली, दुसऱ्याने तिथून लंडनला. त्या डिस्कवरून कंपनीने नेटवर्क पुन्हा उभे केले. चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने तयार करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

नेहमी जोडलेल्या कॉपी नेहमीच्या बिघाडासाठी असतात. डिस्क जळाली, संगणक बंद पडला, तर त्या कामाला येतात. पण चूक किंवा हल्ला नेटवर्कवरूनच येत असेल, तर जोडलेली प्रत्येक कॉपी त्याच्या वाटेवर असते. त्यासाठी एक कॉपी तुटलेली हवी, आणि ती वीज जाण्याच्या योगायोगावर सोडता येत नाही. एक्स्टर्नल डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा बॅकअपच्या संगणकाला लावा, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या आणि एक घरी नेली तर फारच चांगले, कारण ऑफिसात पाणी शिरले किंवा आग लागली तर कपाटही त्याच खोलीत असते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला '३-२-१' चा नियम हाच आहे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेण्याचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे.

फाइल कॉपी झाली, पण उघडत नाही. असे का?

कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने ती अर्धी लिहिलेली असतानाच उचलली म्हणून. १०० पानांचे स्कॅन अजून चालू आहे, फोल्डरमध्ये फाइल मात्र दिसू लागली आहे. पोस्टमनने लिहिता लिहिता पत्र ओढून नेले, असा प्रकार. त्यावरचा उपाय सोपा आहे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायची, पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यायचे. एकाच डिस्कवर नाव बदलणे क्षणात होते, त्यात अर्धवट अवस्था नसते. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर शेवटच्या काही मिनिटांत बदललेल्या फाइल्स या फेरीत घेऊ नयेत, पुढच्या फेरीत घ्याव्यात.

टॅलीसारख्या प्रोग्रामचा डेटा तर उघडा असताना कॉपी करूच नये. एकमेकांशी जोडलेल्या अनेक फाइल्स असतात. एक दुपारी २ ची आणि दुसरी २ वाजून १ मिनिटाची आली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. टॅलीचा स्वतःचा बॅकअप लोकल फोल्डरमध्ये घ्यायचा आणि ती बॅकअपची फाइल पुढे न्यायची.

पेनड्राइव्हवर किंवा जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर मोठी फाइल जात नसेल, तर ती 'फॅट ३२' पद्धतीने फॉरमॅट केलेली असण्याची शक्यता आहे. त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. अशा डिस्कवर वेळेची नोंदही दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने होते, त्यामुळे न बदललेल्या फाइल्सही रोबोकॉपीला बदललेल्या वाटतात आणि ती रोज सगळे पुन्हा कॉपी करत बसते. डिस्क 'एनटीएफएस'मध्ये फॉरमॅट केली की दोन्ही प्रश्न सुटतात. अर्थात आधी आतला डेटा बाजूला काढून.

सगळे लावून झाल्यावर महिन्यातून एकदा कॉपीतली कोणतीही एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे आणि बहुतेक ठिकाणी ते राहून जाते.

मोबाइलमधील फोटो, फाइल्सचे काय?

इथेही प्रश्न तोच आहे. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक केलेल्या फोल्डरमधून संगणकावर फाइल पुसली, की ती क्लाउडवरूनही जाते. गुगल ड्राइव्हच्या आणि वैयक्तिक वनड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. ऑफिसमधून एखादा कर्मचारी सोडून गेला आणि दोन महिन्यांनी त्याने केलेली सफाई लक्षात आली, तर हे ३० दिवस पुरत नाहीत.

क्लाउड नको असेल तर 'सिंकथिंग' हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर फोन आणि संगणकातील फोल्डर थेट जोडते, मध्ये कोणत्याही कंपनीचे साठवण नसते. त्याच्या मूळ अँड्रॉइड अ‍ॅपचे काम २०२४ अखेर थांबले, आता स्वयंसेवकांनी पुढे चालवलेली त्याची शाखा वापरावी लागते. त्यात फोनचे फोल्डर 'फक्त पाठवा' आणि संगणकाचे 'फक्त घ्या' असे ठेवता येते. पण तेवढ्याने फोनवर डिलीट केलेला फोटो संगणकावर टिकत नाही. त्यासाठी संगणकाच्या बाजूला 'फाइल व्हर्जनिंग' सुरू करावे लागते. मग पुसलेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होतात. फोन बॅटरी वाचवण्यासाठी असली अ‍ॅप बंद करत असतो. सिंक दोन-दोन दिवस होत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यावी.

गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो अ‍ॅपमधून डिलीट केला, तर तो फोनमधून आणि क्लाउडवरून एकदमच जातो. तो कचरापेटीत ६० दिवस असतो. फोनमधली जागा मोकळी करायची, पण फोटो क्लाउडवर ठेवायचे असतील, तर डिलीटचे बटण न वापरता 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरायचा. तो फक्त फोनमधली प्रत काढतो.